शाळा संपल्यावर



अंध मुलांच्या शिक्षणाचा इतिहास सांगतांना बहुतेक लेखक शाळेच्या दारापाशीं थांबतात. पहिली शाळा कोणीं काढली, अक्षरांना उठाव कोणीं दिला, सहा टिंबांची लिपि कोणीं शोधली, इतकें सांगून झालें कीं त्यांची कथा संपते. परंतु ज्या मुलाला आपण वाचावयास शिकविलें, तें मूल अठराव्या वर्षीं शाळेंतून बाहेर पडल्यावर त्यानें जावयाचें कोठें? हा प्रश्न त्याच्या आईबापांना पहिल्या दिवसापासून पडलेला असतो; इतिहासकारांना तो बराच उशिरा पडला. आज त्याच प्रश्नाची हकीकत आपणांस सांगावयाची आहे. ती पॅरिसच्या एका जत्रेंत सुरू होते आणि आपल्या दादरवरून पुढें जाते.

इ. स. १७७१ मध्यें पॅरिसच्या सेंट ओविद जत्रेंत एका कॉफीगृहाच्या मालकानें गिऱ्हाईक जमविण्यासाठीं एक खेळ मांडला होता. कांहीं अंध माणसांना लांब झगे व टोकदार टोप्या घालून, डोळ्यांवर भल्यामोठ्या चष्म्यांच्या चौकटी चढवून ओळीनें बसविलें होतें. हातीं फिडलें, समोर स्वरलिपीचे कागद, आणि ते वाचतां यावे म्हणून मेणबत्त्या! लोक पोट धरधरून हंसत होते. त्या गर्दींत व्हॅलेंटिन हाउई नांवाचा एक पंचविशींतला भाषापंडित उभा होता. त्याला मात्र हंसूं आलें नाहीं. या माणसांच्या हातीं खरोखरीचीं पुस्तकें देऊन दाखवीन, असा निश्चय आपण तेथें केला, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे.

निश्चय आणि कृति यांच्यामध्यें तेरा वर्षें गेलीं. १७८४ सालीं त्याला एका चर्चच्या दारांत फ्रांस्वा लेस्यूर नांवाचा अंध तरुण भीक मागतांना भेटला. त्याला शिकविण्याचें हाउईनें ठरविलें खरें, परंतु पहिली अडचण अक्षरांची नव्हती. त्याच्या भिकेवर घरचीं माणसें जगत होतीं; तो शिकावयास बसला तर तीं उपाशीं पडावयाचीं. तेव्हां भिकेंत जितकें मिळतें तितकें आपण पदरचें देऊं, असें कबूल करून हाउईनें त्याला शिष्य म्हणून मिळविलें. अंधांच्या पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ असा पोटाच्या हिशेबानें झाला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. विद्येच्या मागोमाग उपजीविका येईल, हें ऐकावयास ठीक आहे. त्या तरुणाच्या बाबतींत तिची सोय आधीं लावावी लागली.

१७८५ सालीं शाळा रीतसर सुरू झाली. पुढल्याच वर्षाच्या अखेरीस तिचीं मुलें व्हर्सायच्या राजवाड्यांत नेण्यांत आलीं. तेथें सोळाव्या लुई राजापुढें त्यांनीं उठावाचीं अक्षरें बोटांनीं वाचून दाखविलीं, गणितें सोडविलीं, नकाशे ओळखले. दरबार थक्क झाला. हाउईची स्वतःची दृष्टि मात्र या टाळ्यांच्या पलीकडे होती. त्याच वर्षीं निघालेला त्याचा अंधशिक्षणावरील निबंध त्यानें या मुलांकडूनच छापून घेतला. छापखान्याचें काम हा त्यांचा धंदा व्हावा, असा त्याचा विचार होता. सूत कातणें, दोर वळणें, जाळीं विणणें हेंही शिकविलें जाई. पण राज्यक्रांति आली, पैसा आटला आणि १८०१ मध्यें सरकारनें ही शाळा कँझ-व्हँ नांवाच्या जुन्या आश्रमांत नेऊन कोंबली.

या नांवाचा अर्थ 'पंधरा विसा', म्हणजे तीनशें. आपल्याकडे जुनीं माणसें जशीं विसांनीं मोजीत, तसेंच हें मोजमाप. तेराव्या शतकांत नवव्या लुई राजानें तीनशें अंधांच्या निवाऱ्यासाठीं तो आश्रम बांधविला होता. शिकूं पाहणारीं मुलें आणि आयुष्यभर भीक मागून थकलेलीं वृद्ध माणसें एका छपराखालीं आलीं. सरकारी कारभाऱ्याला यांत कांहींच विसंगत वाटलें नाहीं. दोघेही अंधच कीं! शाळा ही पुढें जाण्याची वाट आणि आश्रम हें थांबण्याचें ठिकाण, हा भेद त्या हुकुमाला कळला नाहीं. हाउईची सेवा संपविण्यांत आली. शाळा पुन्हां वेगळी होऊन आपल्या पायांवर उभी राहण्यास पुढें चवदा-पंधरा वर्षें लागलीं.

अशा या सावरलेल्या शाळेंत १८१९ सालीं कूव्रे गांवच्या खोगिराचा मुलगा लुई ब्रेल आला. त्याची कथा आपणांस ठाऊक आहे: बापाच्या दुकानांतील आरी डोळ्यांत गेली, पुढें दृष्टि गेली आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. मला आज त्याच्याहून कमी ठाऊक असलेल्या त्याच्या एका शाळासोबत्याविषयीं बोलावयाचें आहे. त्याचें नांव क्लोद मोंताल.

मोंताल १८०० सालीं जन्मला. पांचसहा वर्षांचा असतांना तापांत त्याचे डोळे गेले. ब्रेलच्या आधीं एकदोन वर्षें तो शाळेंत आला, शिकला आणि हुशार म्हणून तेथेंच शिकवूंही लागला. शाळेंत पियानो होते व ते सुरांत लावण्यासाठीं बाहेरचा एक डोळस कारागीर येत असे. त्याचें काम मोंतालला व त्याच्या एका सोबत्याला पसंत पडेना. त्यांनीं चोरून पियानो उघडला, आंतील यंत्र बोटांनीं चाचपलें, तारा स्वतःच लावून पाहिल्या. कारागिराच्या तें लक्षांत आलें. त्यानें वरिष्ठांकडे तक्रार केली आणि पोरांना वाद्याला हात न लावण्याची ताकीद मिळाली. मग या दोघांनीं एक मोडका जुना पियानो मिळवून तो सबंध खोलला आणि पुन्हां जोडून वाजता केला. तेव्हां कोठें चालकांचें मन वळलें व शाळेच्या पियानोंची निगा त्यांच्याकडे आली.

येथें थोडें तपशिलांत शिरलें पाहिजे. आपल्या घरीं तंबोरा असेल तर जोडीच्या तारा लावतांनाचा अनुभव आपणांस असेलच. दोन तारा जवळजवळ एका स्वरांत आल्या कीं नाद लहरूं लागतो, कमी-अधिक, कमी-अधिक असा हेलकावे खातो. तारा जसजशा जवळ येतात तसतसे हे हेलकावे संथ होतात आणि दोन्हीं एकरूप झाल्या कीं थांबतात. पियानोंत दोनशेंहून अधिक तारा असतात. मधल्या व वरच्या बहुतेक स्वरांना दोन किंवा तीन तारा मिळून एक नाद द्यावयाचा असतो. तेथें हेलकावा अजिबात उरतां कामा नये. उलट, षड्ज-पंचमासारख्या जोड्या तेथें किंचित् उण्या ठेवाव्या लागतात, नाहींतर बारा स्वरांचें चक्र नीट मिटत नाहीं. तेथें हेलकावा किती संथ असावा हें मोजून ठरवावें लागतें. हें सारें काम कानाचें व मनगटाचें आहे. डोळ्यांचा त्यांत फारसा संबंध येत नाहीं.

अंधांना निसर्ग एक इंद्रिय काढून घेऊन दुसरें तिखट करून देतो, ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. ती ऐकावयास गोड आहे, पण तिच्यांत त्या माणसाच्या कष्टांचा अपमान होतो. मोंतालचा कान दैवानें तिखट करून दिलेला नव्हता. एका मोडक्या पियानोवर रोजच्या रोज बसून त्यानें तो तयार केला होता.

१८३० मध्यें मोंतालनें शाळा सोडली व शहरांत धंदा थाटला. कसब पूर्ण होतें, शाळेची शिफारस होती, आणि काम मिळेना. हजारों फ्रँकांचें वाद्य एका अंधाच्या हवालीं कोण करणार? तारा तोडील, लाकडाला ओरखडे पाडील, घरांत धडपडेल. शिक्षण नसण्याची अडचण शाळेनें दूर केली होती. या अडचणीवर शाळेपाशीं औषध नव्हतें. शेवटीं संगीतविद्यालयाच्या एका अध्यापकानें त्याची कसोटी घेतली. त्याला दोन पियानो एकत्र वाजविण्यासाठीं एका स्वरांत हवे होते. ते निराळ्या घडणीचे असल्यामुळें जुळतां जुळत नव्हते. मोंतालनें ते जुळवून दिले. ही बातमी वादकांमध्यें पसरली आणि एकेका घराचें दार उघडूं लागलें. १८३४ सालीं त्यानें या विद्येवर एक लहान पुस्तिका काढली व १८३६ मध्यें आपला पियानो आपणच कसा लावावा, हें सांगणारा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. डोळसांनीं अंधाच्या पुस्तकावरून शिकावें, असा हा प्रसंग! पुढें तो स्वतः पियानो बनवूं लागला. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत त्याच्या वाद्यांना पदक मिळालें आणि त्याच वर्षीं फ्रेंच सरकारनें त्याला लीजन ऑफ ऑनरचा मान दिला.

मोंताल १८६५ त वारला. त्याची खरी मिळकत त्याच्या कारखान्यापेक्षां मोठी होती: 'अंध माणूस पियानो उत्तम लावतो' ही गोष्ट पॅरिसकरांना नवलाची राहिली नाहीं. शाळेंत हें कसब पद्धतशीर शिकविलें जाऊं लागलें, आणि मागून आलेल्या मुलांना दारोदार जाऊन पहिल्यापासून विश्वास मिळवावा लागला नाहीं.

लंडनच्या डॉ. टॉमस आर्मिटेज यांनीं हें पाहिलें. हे गृहस्थ वैद्य होते. दृष्टि मंदावत गेल्यामुळें त्यांना धंदा सोडावा लागला होता. १८६८ सालीं त्यांनीं एक मंडळ स्थापन केलें आणि अंधांसाठीं उठावाच्या अनेक लिपींपैकीं कोणती घ्यावी याचा निर्णय जे बोटांनीं वाचतात त्यांनींच करावा, असा दंडक घातला. ब्रेल लिपि इंग्लंडांत रुजली ती या दंडकामुळें. १८७१ त निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नांवांतच 'अंधांचें शिक्षण व व्यवसाय' हे दोन शब्द शेजारीं शेजारीं आहेत. त्या काळच्या इंग्लिश संस्थांत मुलांना टोपल्या, कुंचले नि पायपुसणीं करावयास शिकवीत. माल दयाळू लोक घेत, आणि दया आटली कीं माल पडून राही.

त्याच वर्षीं आर्मिटेज यांची गांठ फ्रान्सिस जोसेफ कँपबेल या अमेरिकन गृहस्थाशीं पडली. टेनेसीच्या रानांत खेळतांना कांटा लागून लहानपणींच याची दृष्टि गेली होती. नॅशव्हिलच्या शाळेंत शिकून त्यानें बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेंत अनेक वर्षें संगीत शिकविलें. दोघांनीं मिळून १ मार्च १८७२ रोजीं लंडनच्या अपर नॉरवुड भागांत अंधांसाठीं रॉयल नॉर्मल कॉलेज उघडलें. कँपबेलचें मत असें, कीं अंध मुलाची मोठी उणीव कसबाची नसून धीटपणाची आहे. ज्याला घरांत हात धरून फिरविलें आहे, तो परक्या घरीं पियानो लावावयास कसा जाणार? म्हणून त्याच्या कॉलेजांत मुलेंमुली पोहत, बर्फावरून घसरत, सायकलींवर बसत. स्वतः कँपबेल १८८० मध्यें मों ब्लां शिखर चढून आला. हें त्यानें जगाला दाखविण्यासाठीं केलें कीं आपल्या विद्यार्थ्यांना, हें सांगणें कठीण आहे. मला वाटतें, विद्यार्थ्यांच्या पालकांना. याच कॉलेजांत शिकलेला आल्फ्रेड हॉलिन्स पुढें एडिंबरो येथील एका मोठ्या चर्चचा ऑर्गनवादक झाला आणि १८९७ पासून १९४२ मध्यें मरेपर्यंत त्या जागेवर राहिला.

ही झाली रोजगाराची वाट. विद्यापीठाची वाट निराळी, आणि तेथील अडसरही निराळे. १८६४ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं सही केलेल्या कायद्यानें वॉशिंग्टन येथील बहिऱ्यांच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. तेंच आजचें गॅलाडेट विद्यापीठ. वूस्टर येथें १८६६ मध्यें अंध मुलांना विद्यापीठासाठीं तयार करणारें विद्यालय निघालें, पण तें सधनांच्या मुलांसाठीं. सर्वसाधारण महाविद्यालयाचें दार ठोठावणाऱ्यांत हेलेन केलर यांचें नांव सर्वतोमुखी आहे. त्यांच्या यशाविषयीं आपण पुष्कळ ऐकतों, त्यांच्या परीक्षेविषयीं कमी.

जून १८९९ मध्यें रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेस त्या बसल्या. प्रश्नपत्रिका वाचून दाखविण्यास त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांना अधिकाऱ्यांनीं मनाई केली. त्याऐवजीं पर्किन्स संस्थेंतील एका शिक्षकांनीं प्रश्न अमेरिकन ब्रेलमध्यें उतरवून द्यावे, असें ठरलें. अमेरिकन ब्रेल त्यांना वाचतां येई. पण बीजगणितांत त्या इंग्लिश ब्रेलचीं चिन्हें वापरीत आल्या होत्या आणि अमेरिकन चिन्हें अगदीं वेगळीं होतीं. परीक्षा दोन दिवसांवर येऊन ठेपली तेव्हां जुन्या प्रश्नपत्रिकेची एक प्रत हातीं आली आणि हें त्यांच्या ध्यानांत आलें. तातडीनें पत्र धाडून चिन्हांचा तक्ता मागवावा लागला. तो पाठ करीत रात्र काढावी लागली. त्या उत्तीर्ण झाल्या, १९०० मध्यें कॉलेजांत गेल्या आणि १९०४ त सन्मानानें बी. ए. झाल्या. पण ती परीक्षा बीजगणिताची होती कीं चिन्हांची? अधिकारी निष्ठुर नव्हते. अशा विद्यार्थिनीची आगाऊ तजवीज करण्याची कोणाचीच जबाबदारी नव्हती, एवढेंच. ती जबाबदारी कायद्यानें ठरण्यास त्याच देशांत १९९० साल उजाडलें. अपंग विद्यार्थी सोळा वर्षांचा होण्यापूर्वीं, शाळेनंतर तो काय करणार व त्यासाठीं कोणीं काय करावयाचें, याची योजना शाळेनें लेखी केली पाहिजे, असें त्या वर्षीं ठरलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. मुंबईंत माझगांवला बहिऱ्या मुलांची शाळा १८८५ मध्यें निघाली. अंधांसाठीं ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनीं १९०० सालीं, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, शाळा काढली. दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ती आपणांस परिचित आहे. १९०२ त ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली. या शाळांतून मुलें वाचावयास शिकलीं, गाणें शिकलीं, वेताच्या खुर्च्या विणावयास शिकलीं. अंध माणूस दिसला कीं त्याला 'सूरदास' म्हणावयाचें आणि गळ्यांत पेटी अडकवावयाची, ही आपली परंपरा. शाळांनाही तिच्याबाहेर पडण्यास वेळ लागला. त्यांत लिपीचा घोळ. देशांत ब्रेलच्या अनेक पद्धति चालत. एका प्रांताच्या शाळेंत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या प्रांतांतील पुस्तक परकें. १९५१ मध्यें भारती ब्रेल ठरली आणि सर्व भारतीय भाषांना एक पाया मिळाला. हेलेन केलर १८९९ त ज्या गुंत्यांत सांपडल्या, तो आपल्याकडे शाळकरी पोरांच्या नशिबीं पन्नास वर्षें होता.

१९५९ सालीं अपंगांसाठीं खास रोजगार विनिमय केंद्र देशांत प्रथम निघालें तें मुंबईसच. १९९३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अंध उमेदवारांना सनदी सेवेची परीक्षा ब्रेलमध्यें किंवा लेखनिक घेऊन देण्याची मुभा दिली. १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेविल्या. २०१६ च्या कायद्यानें त्या चार टक्के केल्या, आणि उच्च शिक्षणसंस्थांत पांच टक्के. कागदावर वाट पुष्कळच रुंद झाली.

त्याच २०१६ सालीं उल्हासनगरच्या प्रांजल पाटील सनदी सेवेच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाल्या. सहाव्या वर्षीं दृष्टि गेल्यावर त्या दादरच्या याच शाळेंत मराठींतून शिकल्या. पुढें सेंट झेवियर्स आणि मग दिल्लीचें जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. त्यांचा क्रमांक होता ७७३. रेल्वेच्या हिशेब सेवेसाठीं त्यांची निवड झाली आणि पूर्ण अंधत्वाचें कारण दाखवून ती जागा नाकारली गेली. म्हणजे मोंताल १८३० त ज्या दाराशीं उभा होता तेंच दार, फक्त आंतलें वाद्य निराळें. पियानोच्या जागीं हिशेबाच्या वह्या. त्या पुन्हां परीक्षेस बसल्या. २०१७ च्या निकालांत त्यांचा क्रमांक १२४ वा आला व त्या भारतीय प्रशासन सेवेंत गेल्या. एर्नाकुलम येथें उमेदवारीचा काळ काढून ऑक्टोबर २०१९ मध्यें त्यांनीं तिरुवनंतपुरम येथें उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रें हातीं घेतलीं.